माया लोकांच्या मुलखात बारा दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी दोन महिन्यांपूर्वी मला गाठले आणि म्हणाल्या, "मेक्सिकोला जाऊन आलात, तर वर्धापनदिनाला चार शब्द बोला." मी आधी नाहीच म्हटले. मंडळात मी आजवर बोलले ती वर्गणीच्या हिशेबावर, नाही तर हळदीकुंकवाच्या वाणावर. पण घरी जाऊन विचार केला. सांगण्याजोगी एक गोष्ट माझ्यापाशी आहे, आणि ती आज सांगितली नाही तर मनातच राहील. तेव्हा आपण सांभाळून घ्यावे.

माझी मुलगी अमेरिकेत ह्यूस्टनला असते, हे आपल्याला ठाऊक आहेच. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे होते. जावई म्हणाले, "आई, इथून विमानाने दोन-सव्वादोन तासांवर युकातान आहे. तिथली माया लोकांची जुनी देवळे बघू या." मी म्हटले, येते, पण एका अटीवर. यांच्याबरोबर मी पुष्कळ प्रवास केला, पण तो सगळा घड्याळाकडे बघत. आठ दिवसांत सहा गावे, पहाटे पाचला चहा, आणि देवदर्शन आटोपते न आटोपते तोच बसवाल्याचा भोंगा. आता गुडघे आणि वय दोन्ही ऐकत नाहीत. तेव्हा दिवसाला अडीच तासांवर गाडी हाकायची नाही, आणि मला बसावेसे वाटेल तिथे बसू द्यायचे. जावयांनी दोन्ही अटी मान्य केल्या. मुलगी, जावई, चौदा वर्षांची नात आणि मी असे चौघेजण निघालो.

आधी हा मुलूख कुठे आहे ते सांगते. मेक्सिकोच्या नकाशात पूर्वेच्या टोकाला समुद्रात वर उचललेल्या अंगठ्यासारखा एक भाग दिसतो. तो युकातान. सगळी जमीन चुनखडीची आणि ताटासारखी सपाट. उत्तर भागात जमिनीवर नदी म्हणून नाहीच! पावसाचे पाणी दगडात मुरते आणि खालून वाहते. जिथे वरचा दगड कोसळला, तिथे खोल विहिरीसारखी कुंडे उघडी पडली आहेत. त्यांना सेनोते म्हणतात. त्यांच्याच आधाराने इथे गावे वसली. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर आकाशातून प्रचंड पाषाण कोसळला आणि पृथ्वीवरचे अजस्र डायनासोर नष्ट झाले, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्या विवराच्या कडेने आजही सेनोत्यांची अर्धवर्तुळाकार रांग आहे. अशा जमिनीवर मक्याची शेती करून माया लोकांनी मोठमोठी नगरे उभारली.

आमचा पहिला मुक्काम मेरिदा शहरी होता. स्पॅनिश लोकांनी हे शहर 1542 साली वसवले, तेही त्हो नावाच्या माया नगरावर. तिथले मोठे चर्च 1598 मध्ये पुरे झाले. त्याचे दगड जुन्या माया इमारतींचेच आहेत. समोरच्या चौकात झाडाखाली पांढऱ्या सिमेंटच्या गमतीदार खुर्च्या आहेत. दोन खुर्च्या एकमेकींत अशा गुंतवल्या आहेत, की शेजारी बसूनही दोघांची तोंडे समोरासमोर येतात. पूर्वी प्रेमिकांची सोय म्हणून केल्या म्हणे! मी आणि नात तिथे बसलो. पण मी मराठीत विचारावे आणि तिने इंग्रजीत "येस", "नो" म्हणून हातातल्या फोनकडे बघावे, असा आमचा कित्येक वर्षांचा रिवाज. त्या खुर्चीत तो मला जास्तच जाणवला. समोरासमोर बसवणारी खुर्ची काही बोलते करत नाही.

मेरिदाहून समुद्राकाठी काम्पेचेला गेलो. इथे चाचे वारंवार गाव लुटत, म्हणून 1686 पासून गावाभोवती तट बांधायला घेतला. तटाचे पुष्कळसे भाग आणि बुरूज अजून उभे आहेत. आत एकमेकांना चिकटलेली बसकी घरे. एक फिकट गुलाबी, तर पुढचे पिस्तई, त्यापुढचे निळे. जणू कुणी रांगोळीचे रंग वाट्यांतून मांडून ठेवावेत! संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर सगळे गाव फिरायला येते. आम्हीही दोन दिवस दुसरे काही केले नाही. वाळूत पाय सोडून मावळता सूर्य पाहिला आणि खोबऱ्याच्या वड्या खाल्ल्या.

तिथून निघालो ते उश्मालला. जंगलातून गाडी बाहेर पडते आणि एकदम समोर पस्तीसेक मीटर उंचीचा, कोपरे गोलसर केलेला मनोरा उभा राहतो. त्याची गोष्ट आपल्याला आवडेल. एका एकट्या म्हातारीने अंडे उबवले, त्यातून एक बुटका मुलगा निघाला. राजाने त्याला आव्हान दिले, की एका रात्रीत सगळ्यांत उंच घर बांध, नाही तर मरायला तयार हो. सकाळी राजा उठून पाहतो तो हा मनोरा उभा! पुढे तो बुटका राजा झाला. मनोऱ्यावर आता चढू देत नाहीत. इतर मंडळी हळहळली. मी मात्र गुडघ्यांच्या वतीने देवाचे आभार मानले.

उश्मालला जवळपास सेनोतेसुद्धा नाही. तिथल्या लोकांनी जमिनीत बाटलीच्या आकाराची टाकी खोदून आतून चुन्याने लिंपली आणि पावसाळ्याचे पाणी वर्षभर पुरवले. म्हणूनच भिंतीभिंतींवर लांब सोंडेसारख्या नाकाचा पर्जन्यदेव चाक कोरला आहे. आपल्याकडे धोंडी धोंडी पाणी दे म्हणत पोरे घरोघर फिरतात, त्याचेच हे दगडी रूप म्हणायचे.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज उभी राहिले, ती सांगते.

त्या बाजूला प्रत्येक खेड्याच्या तोंडाशी रस्त्यावर उंच गतिरोधक असतो. त्याला ते 'तोपे' म्हणतात. पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा मला आपले तात्या टोपेच आठवले! उश्मालहून मानी गावाकडे जाताना असा एक तोपे जावयांना दिसला नाही. गाडी उडाली, आणि टायर बसला. जावई आणि मुलगी चाक घेऊन पंक्चरवाल्याकडे गेली. मी आणि नात सावली शोधत एका घरापाशी उभ्या राहिलो. गवती छपराचे, दोन्ही टोकांना गोल असलेले घर. दारात पांढऱ्याशुभ्र झग्यातल्या एक आजीबाई. झग्याच्या गळ्याला आणि घेराला फुलांचे भरतकाम. त्या पोशाखाला उइपिल म्हणतात. त्यांनी हाताने खूण केली, "आत या."

आत तीन दगडांची चूल. हो, तीन दगडांचीच! वर पसरट तवा. चुलीशेजारी वीतभर उंचीचा गोल पाट. त्यावर आजीबाई मक्याच्या पिठाचा गोळा ठेवून बोटांनी गोल गोल फिरवत थापत होत्या. तव्यावर टाकलेली तोर्तिया भाकरीसारखी टम्म फुगली, तशी माझ्या तोंडून "वा!" निघून गेले. कोपऱ्यात तीन पायांचा दगडी पाटा आणि वरवंटा होता. आता दळण गिरणीतून येते, पण पाटा टाकवत नाही, असे दिसले. टाकवत नाही ते माझ्याही घरी आहेच.

आजीबाई फक्त माया भाषा बोलत. त्यांची नात साधारण माझ्या नातीच्याच वयाची, तिला स्पॅनिश येत होते. माझ्या नातीला शाळेत शिकलेले थोडे स्पॅनिश येते. आणि माझे इंग्रजी बेताचे, शिवाय त्या उकाड्यात तेही पळून गेलेले. तेव्हा झाले असे, की आजीबाई माया भाषेत बोलत, त्यांची नात ते स्पॅनिशमध्ये सांगे, आणि माझी नात अडखळत, शब्द शोधत, ते मला मराठीत सांगे. दोन आज्यांचे बोलणे दोन नातींच्या पुलावरून चालले होते.

आजीबाईंनी विचारले, "तुमच्याकडे भाकरी हाताने थापतात का?" मी उत्तर न देता पीठ हातात घेतले. मक्याचे ते पीठ आपल्या पिठासारखे नव्हते, मऊ आणि चिकट होते. मी त्याचे गुपित विचारले. त्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सकाळी चोळून साले धुऊन काढतात आणि मग दळतात. घरी परतल्यावर मी वाचले, की या चुन्याच्या पाण्याने मक्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगे होते. युरोपने मका इथून नेला, पण बायकांची ही रीत नेली नाही. पुढे इटलीसारख्या देशात नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा भयंकर रोग झाला. बी नेले आणि बाईला विचारले नाही, त्याची ही शिक्षा!

माझी भाकरी जरा जाडच झाली. आजीबाई खूप हसल्या. लाल भोपळ्याच्या बिया भाजून, टोमॅटोबरोबर वाटून केलेली चटणी त्यांनी वर घातली. आपल्या तिळाच्या चटणीची सख्खी बहीण शोभेल अशी.

मग माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. आजीबाई नातीशी माया भाषेत बोलत आणि नात त्यांना उत्तर स्पॅनिशमध्ये देई. मी माझ्या नातीला म्हटले, "विचार गं तिला, आजीची भाषा कळते, मग बोलत का नाही?" तिने विचारले. त्या मुलीने खांदे उडवले आणि काहीतरी सांगितले. माझी नात बराच वेळ गप्प राहिली. मग जमिनीकडे बघत मराठीत म्हणाली, "ती म्हणते, कळतं सगळं. पण शाळेत सगळे स्पॅनिश बोलतात. तोंडातून येत नाही आता."

मैत्रिणींनो, मला तिला बोल लावता येईना. ही माझी नात सहाव्या वर्षापर्यंत चुरुचुरू मराठी बोलत होती. ती शाळेत जायला लागली तेव्हा मीच मुलीला फोनवर सांगितले होते, "घरी इंग्रजीच बोला गं तिच्याशी, नाही तर मागे पडेल." कुणी सक्ती केली नव्हती. मीच हौसेने सांगितले होते.

निघताना आजीबाईंना मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "दिओस बोओतिक." त्यांच्या भाषेत आभार मानायचे ते असे. अर्थ 'देव फेडो'. गोव्याकडे 'देव बरें करूं' म्हणतात तेच. 'दिओस' हा देव स्पॅनिश आहे, पण 'फेडो' हे क्रियापद त्यांचे स्वतःचे.

टायर दुरुस्त झाला आणि आम्ही मानीला पोहोचलो. मोठे चर्च, समोर ओसाड आवार. याच गावी 12 जुलै 1562 रोजी दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्याने माया लोकांच्या हजारो मूर्ती फोडल्या, आणि झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिलेले त्यांचे ग्रंथ सैतानी म्हणून जाळून टाकले. असे ग्रंथ आज साऱ्या जगात फक्त चार उरले आहेत. पुढे लिपी वाचणारेही राहिले नाहीत.

पण नियती पाहा. याच लांदाने पुढे माया लोकांविषयी पुस्तक लिहिले. त्यात त्याने त्यांची मुळाक्षरे म्हणून काही चिन्हे उतरवून ठेवली. तीनशे वर्षांनी पुस्तकाची प्रत सापडली, पण त्या मुळाक्षरांनी काही वाचता येईना. 1952 साली लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्ह या तरुण विद्वानाने कोडे सोडवले. माया देश त्याने तोवर पाहिलासुद्धा नव्हता. त्याने सांगितले, की ही ए-बी-सी नव्हे. इथे एकेका चिन्हाचा उच्चार कु, त्सु, लु असा अख्ख्या अक्षराचा आहे. आपल्याला बाराखडीमुळे ते चटकन कळते. एका ग्रंथात रानकोंबड्यासारख्या टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हे होती. पहिले लांदाच्या यादीतले 'कु'. माया भाषेत टर्कीला 'कुत्स' म्हणतात, म्हणजे दुसरे 'त्सु' असले पाहिजे. आणि कुत्र्याच्या चित्रावर तेच दुसरे चिन्ह पहिले होते! जुन्या माया शब्दकोशात कुत्र्याला 'त्सुल'. कुलूप उघडले.

यात माझ्या मनाला लागले ते असे. लिपी मेली होती, पण भाषा जिवंत होती. ती बोलणारी माणसे उरली नसती, तर ती चिन्हे कितीही पाहिली तरी मुकीच राहिली असती. ग्रंथ अंगणात जळाले, पण चुलीशी पोरांना हाका मारणे कुणाला जाळता आले नाही. युकातानी माया भाषा बोलणारी माणसे 2020 च्या जनगणनेत सुमारे पावणेआठ लाख भरली. माया लोक गूढ रीतीने नाहीसे झाले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. मी तर त्यांच्याकडे जेवून आले!

आणखी एक बाई सांगायची राहिली. तातियाना प्रोस्कुरियाकोव्ह, रशियात जन्मलेली, अमेरिकेत वाढलेली. शिकली वास्तुकला, आणि पडक्या माया इमारतींची चित्रे काढता काढता 1960 मध्ये तिने दाखवून दिले, की शिलालेखांत नुसते ग्रहतारे नाहीत. त्यांत राजांचे जन्म आहेत, राज्यारोहणे आहेत. घोळदार वस्त्रांतल्या ज्या मूर्तींना पुरोहित समजत, त्यांतल्या कित्येक स्त्रिया आहेत, हेही तिनेच ओळखले. बाईला बाई ओळखायला बाईच लागली.

पुढचे थोडक्यात सांगते. इसामाल हे सगळे पिवळ्या रंगाने रंगवलेले गाव. तिथला मठ माया देवळाच्या चौथऱ्यावर, त्याच्याच दगडांनी बांधलेला. चिचेन इत्साचा प्रसिद्ध मनोरा पाहिला. चार बाजूंना 91-91 पायऱ्या आणि वरची एक, अशा वर्षाच्या दिवसांइतक्या 365. समोर टाळी वाजवली, की पायऱ्यांवरून पाखराच्या चीत्कारासारखा प्रतिध्वनी येतो. वायादोलिद गावात भर वस्तीत सेनोते आहे. तिच्या काठी चिकूचे झाड दाखवले, तेव्हा मी म्हटले, हे तर आमच्या घोलवडचे! तर कळले, की चिकू मूळचा याच बाजूचा. त्याच्या टणक लाकडाच्या तुळया माया देवळांच्या दारांवर हजार वर्षे टिकल्या आहेत. आपली मिरची, पेरू आणि पपईसुद्धा अमेरिकेच्याच माहेरच्या.

शेवटचा मुक्काम तुलूमचा. तीन बाजूंना तट, चौथ्या बाजूला कडा आणि खाली निळाजांभळा समुद्र. काही वर्षांपासून तिथे तपकिरी शेवाळाचे ढीग वाहत येतात. आमच्या वेळी ते थोडेच होते. वाळूत बसून नातीने काडीने माया आकडे काढले. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. दहा झाले की आपण दुसरे घर मांडतो, ते वीस झाले की मांडतात. तिने माझे वय लिहिले. वर तीन ठिपके, खाली रेघेवर चार ठिपके. मी म्हटले, "हे तर माझी आजी तोंडी करायची! आंबे मोजताना विसांनी मोजायची. तीन विसा आणि नऊ."

"म्हणजे सिक्स्टी नाइन?" ती म्हणाली. मग थांबून, "म्हणजे... एकोणसत्तर?"

"एकोणसत्तर," मी म्हटले. आणि त्या संध्याकाळी तिने मला आणखी काय काय मोजायचे विचारले. मी शेर, पायली, कोडी सांगत बसले. फोन वाळूत उलटा पडला होता.

ती आता सुधारली असे मी म्हणत नाही. रविवारी फोन करते, दहा मिनिटे मराठीत बोलते, "मी जेवण खाल्ली" म्हणते, आणि कंटाळली की इंग्रजीवर जाते. मी दुरुस्त करत नाही. चूक का होईना, तोंडातून येते आहे.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. पुढच्या स्मरणिकेसाठी प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या आजीच्या तोंडचा, आता घरात ऐकू न येणारा, एक शब्द अर्थासह लिहून द्यावा. शंभर जणी, शंभर शब्द. छापायच्या आधी मात्र तो नातवंडांना एकदा मोठ्याने बोलून दाखवावा. नुसते लिहून ठेवल्याने भागत नाही, हे मी मानीला पाहून आले आहे.